त्रिकूटवरचा आळ

१

टेबलावर चार ड्राइव्ह होते. चार अ‍ॅल्युमिनियमची कव्हरं, त्यांचे आठ स्क्रू, चार केबली, एक यूएसबी हब आणि एक रबर बँड. चारपैकी तीन कव्हरांना जाळी होती, चौथं बंद होतं. जाळीच्या कव्हरांतले तिन्ही ड्राइव्ह मेलेले होते. चौथा जिवंत होता.

शिवाय एक वास होता, पण तो मोजणीत कुठे धरायचा ते मला कळेना.

"कोणी डबा उघडला का?" शेजारच्या टेबलावरून मिहिरने विचारलं. "जेवायला वेळ आहे अजून."

"डबा नाही, ड्राइव्ह उघडलाय."

"मग त्या ड्राइव्हला आलं-लसणाचा वास येतोय," तो म्हणाला आणि हेडफोन लावून पुन्हा कामाला लागला.

आमची लॅब घाटकोपरला आहे. बंद पडलेल्या ड्राइव्हमधून लोकांचा डेटा परत काढून देणं हे आमचं काम. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलं तेव्हा घरच्यांना वाटलं होतं की मी अणूबिणू फोडेन. सध्या मी लोकांच्या बारशाचे फोटो शोधते.

हे चार ड्राइव्ह घेऊन आला होता केयूर. माझा कॉलेजपासूनचा मित्र. मुलुंड पूर्वेला त्याचं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान आहे. एरवी तो आला की आधी मिहिरशी क्रिकेटवर भांडतो. आज स्टुलावर बसून रबर बँड बोटाला गुंडाळत होता.

"तिन्ही एकदम गेले गं," तो म्हणाला. "श्रुतिकाने हबला लावले, तिन्ही एका मिनिटात गप. एका लग्नाचं अख्खं शूटिंग आहे त्यात. तीन कॅमेरे, तीन ड्राइव्ह."

"आणि ड्राइव्ह तू दिलेले."

"मीच दिलेले. त्रिकूटवाले."

त्रिकूट हे या ड्राइव्हमधल्या कंट्रोलरचं नाव. अशा ड्राइव्हमध्ये, म्हणजे एसएसडीत, साठवायच्या चिपा वेगळ्या असतात आणि त्यांच्यावर देखरेख करणारी ही एक वेगळी चिप असते. घरात कुठल्या खणात काय ठेवलंय हे जसं फक्त आईला ठाऊक असतं, तसं डेटाचा कुठला तुकडा कुठे आहे हे फक्त कंट्रोलरला ठाऊक असतं. तो गेला की वस्तू सगळ्या घरातच असतात, पण सापडत एकही नाही.

आणि त्रिकूटचं नाव खराब होतं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पहिल्या खेपेत खोट निघाली होती. फार तापला की तो स्वतःचा नकाशाच विसरायचा. कंपनीने फर्मवेअर, म्हणजे चिपेतलं सॉफ्टवेअर, दुरुस्त केलं, पण झालेली बदनामी तशीच राहिली. यूट्यूबवर 'त्रिकूट घेऊ नका' असं सांगणारे व्हिडिओ अजून लोक एकमेकांना पाठवतात. चौथ्या, जिवंत ड्राइव्हमध्ये हिमगिरीचा कंट्रोलर होता. हिमगिरीबद्दल कोणी व्हिडिओ करत नाही, इतकं त्याचं नाव चांगलं आहे.

"फर्मवेअर नवं टाकलं होतंस?"

"प्रत्येकात. माझ्या हाताने. आणि तरी जाळीची कव्हरं दिली, हवा खेळती राहावी म्हणून."

"मग एवढा रडवेला का झालायस? आमच्याकडे रोज येतात असे."

केयूरने रबर बँड सोडला. "नंदूकाका म्हणाले, रविवारचा साखरपुडा पुढे ढकलू."

नंदकुमार परब म्हणजे श्रुतिकाचे वडील. स्टुडिओ त्यांचा, लग्नाचं शूटिंग त्यांनी घेतलेलं, आणि साखरपुडा श्रुतिकाचा आणि केयूरचा.

"पुढे म्हणजे कधी?"

"तारीख नाही सांगितली. पुढे, एवढंच. म्हणाले, ज्याला वस्तू पारखता येत नाही त्याच्या हातात मुलगी कशी देऊ."

मी पहिला ड्राइव्ह भिंगाखाली धरला. त्यावरच्या कागदी लेबलाला सुरकुत्या पडल्या होत्या. कंट्रोलरशेजारी तिळाएवढा एक कपॅसिटर असतो, त्याच्या पायाशी पांढरट डाग होता. दुसऱ्यात तसाच डाग. तिसऱ्यातही.

"केयूर, यांच्यावर पाणी कोणी सांडलं?"

"कोणीही नाही. मी विचारलं ना. टेबल कोरडं, हब कोरडा, केबली कोरड्या."

मी हब उघडून बघितला. आत ओलाव्याची एकही खूण नव्हती. म्हणजे तीन कव्हरांच्या आत पाणी पोचलं होतं, आणि बाहेर एक थेंब सांडला नव्हता.

२

परबांचा स्टुडिओ मुलुंड पूर्वेला आहे, खाली दुकान आणि वर घर. एडिटिंगच्या खोलीच्या दारावर पाटी आहे: 'आत पाणी, चहा, सरबत नेऊ नये.' पाटी डार्करूमच्या काळातली आहे आणि नंदूकाका ती अजून पाळायला लावतात. मी बाटली बाहेर ठेवली.

आत राजेश होता. हा स्टुडिओचा कॅमेरामन. दाढी कोरलेली, मनगटात जाड कडं, आणि बोलताना मोबाइल पुढे धरायची सवय, साक्षीदार हजर केल्यासारखा.

"मॅडम, मी पहिल्यापासून सांगत होतो. त्रिकूटची मार्केटमध्ये वाट लागलीय. हा व्हिडिओ बघा, चार लाख लोकांनी बघितलाय."

"तू स्वतः किती त्रिकूट बंद पडलेले पाहिलेस?"

त्याने मोबाइल खाली घेतला. "स्वतः? तीन."

"हे तीन सोडून?"

"हे सोडून मग नाही. पण एवढे लोक उगाच बोलतात का?"

"हे तू कोणाकोणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना. काकांना तर ड्राइव्ह आले त्याच दिवशी. म्हटलं, काका, हे तापतात आणि तापले की सगळं विसरतात."

"काका काय म्हणाले?"

"काही नाही. नुसती मान हलवली." राजेशने आवाज खाली आणला. "पण मॅडम, काका भांडले तर काही नसतं. मान हलवली की समजायचं, त्यांनी मनात काहीतरी ठरवलं."

तेवढ्यात नंदूकाका स्वतःच आत आले. साठी ओलांडलेले, अंगात पांढरा शर्ट, खिशाला भिंग. परबांची माणसं मूळ कणकवलीकडची; काका जन्मापासून मुंबईत आहेत, पण चिडले की मालवणीत बोलतात. आज ते सुरुवातीपासूनच मालवणीत होते.

"गंधाली, तू शिकलेला पोर. तू माका खरा सांग. ह्या कामात कोणाचो हात आसा? त्या केयूराचो, नायतर ह्याचो?"

"माझा काय संबंध?" राजेश म्हणाला.

"तुज्या कड्यात लोहचुंबक आसा. ब्लडप्रेशरसाठी घातलंस मां? त्या चुंबकान सगळा पुसला."

राजेशने कड्यावर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ही शंका त्यालाही आली होती.

"कडं दे," मी म्हटलं. हिमगिरीचा जिवंत ड्राइव्ह मी पर्समधून काढला, त्यावर काकांच्या जुन्या निगेटिव्हच्या स्कॅनची एक प्रत होती, मूळ दुसरीकडे होती. मी ड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि कडं त्यावर ठेवलं. मग उलटं ठेवलं. मग घासलं. एकेक फोटो उघडून दाखवला. शेवटी १९८८ सालच्या गणपतीत नाचणारे तरुण नंदूकाका स्क्रीनवर आले, मिशीच्या शेवटच्या केसापर्यंत शाबूत.

"एसएसडीत चुंबकाचं काहीच नसतं, काका. जुन्या हार्ड डिस्कमध्ये असायचं."

"मग ह्या कड्यान ब्लडप्रेशर तरी उतरता काय?"

"ते मी मोजलेलं नाही."

राजेशने कडं परत घातलं, पण पूर्वीच्या ऐटीत नाही.

श्रुतिका एवढा वेळ कोपऱ्यात हात बांधून उभी होती. तिचा राग नेहमी असाच असतो, कमी शब्दांचा. काका आणि राजेश बाहेर गेल्यावर मी तिला विचारलं, "त्या दिवशी काय झालं, पहिल्यापासून सांग."

"काही झालंच नाही गं, तेच तर. बाबा ठाण्याला बारशाला गेले होते. मी वर ओरडून आईकडे ड्राइव्ह मागितले. आईने खाली आणून टेबलावर ठेवले. मी आले, तिन्ही हबला लावले. पहिला दिसला आणि गेला. दुसरा, तिसरा दिसलेच नाहीत."

"हिमगिरी?"

"तो त्याच हबला होता. कायम तिथेच असतो. त्याला काही झालं नाही."

म्हणजे हब दोषी नव्हता. हबमधून जास्त वीज गेली असती तर चौघांना गेली असती.

"हाताला कसे लागले तिन्ही?"

"थंड. एसी आहे ना इथे."

"एरवी ते कुठे असतात?"

"वर, बाबांकडे. बाबा कोणाला हात लावू देत नाहीत. कपाटात असतील." ती माझ्याकडे बघत राहिली. "गंधाली, स्पष्ट बोल. त्रिकूट खराब आहे का?"

"तीन वेगवेगळे ड्राइव्ह आपापल्या आजाराने एकाच मिनिटात मरत नाहीत. मारणारी गोष्ट बाहेरची आहे आणि ती फक्त त्रिकूटना लागली, हिमगिरीला नाही."

"म्हणजे फिरून कंट्रोलरच."

"किंवा कंट्रोलरचं नाव. नावामुळे या तिघांशी कोणीतरी वेगळं वागलं."

"कोण?"

वरून रुक्मिणीकाकूंची हाक आली, घावणे गार होतायत म्हणून.

३

रुक्मिणीकाकू म्हणजे श्रुतिकाची आई. त्या बोलता बोलता वाढतात आणि वाढता वाढता चौकशी करतात, त्यामुळे त्यांना काही विचारायला सलग वेळ मिळत नाही.

"खा गं. लॅबमध्ये काय मिळतं तुला. लग्नाचं काय तुझं? असू दे, नको सांगू. मी म्हणते नजर लागली. एवढं छान जमलं होतं पोरांचं."

"काकू, त्या दिवशी ड्राइव्ह तुम्ही खाली नेलेत ना?"

"मीच नेले. स्वच्छ पुसून ठेवले बाई, माझ्या हातून काही झालेलं नाही." त्यांनी ओट्यावरचा नॅपकिन उचलून घडी घातली. "चटणी घे."

स्वयंपाकघरात वास होता. आलं, लसूण, थोडं कोकमाचं आगळ. वाटण लावून बांगडे मुरत ठेवले की येतो तो. मला लॅबमधला मिहिर आठवला.

नंदूकाका समोर बसून घावणे मोडत होते, खात नव्हते. त्यांचं दुःख साधं होतं. चाळीस वर्षं लोकांनी त्यांच्या हातात आपलं लग्न दिलं आणि त्यांनी एकही हरवलं नव्हतं.

"आमच्या वेळार अशी भानगड नाय होती," ते म्हणाले. "रोल म्हटलो की रोल. पण त्येकाय जपूक लागा. उन्हात ठेवलो की रंग गेलो. मी रोलांका पोरासारखा जपलंय. बघूचा हा?"

"अहो, तिला खाऊ दे," काकू म्हणाल्या, जरा जास्तच पटकन.

पण काका उठले होते. त्यांनी फ्रीज उघडला. "१९९९ साली मुदत संपलेले सात रोल आसत अजून. रंग बघशीत तर..."

मधल्या कप्प्यात बांगड्यांचं भांडं होतं, त्याच्या मागे दह्याची वाटी, आणि कडेला गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फिल्मच्या डब्या. पिशवीजवळ कप्प्यावर अंथरलेल्या कागदावर एक मोठा चौकोन उरला होता. तेवढाच कागद पांढरा होता, बाकीचा पिवळा.

काकांनी पिशवीकडे बघितलं. चौकोनाकडे बघितलं. काकूंकडे बघितलं नाही.

मग त्यांनी फ्रीज हळूच बंद केला. "मागाहून दाखवतंय," ते शुद्ध मालवणीत पुटपुटले आणि हात धुवायला गेले. हात धुऊन झाले तरी बराच वेळ नळ चालू होता.

४

लॅबमध्ये मी तिन्ही बोर्ड अल्कोहोलने धुतले आणि पहिल्याचा डागाळलेला कपॅसिटर काढला. त्याच्यातून वीज सरळ जमिनीला जात होती. पाण्याने त्याला तसा रस्ता करून दिला होता. वीज पुढे कंट्रोलरपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून तो गप होता. मी नवा कपॅसिटर लावला. केयूर आणि श्रुतिका माझ्या दोन्ही खांद्यांमागे उभे होते आणि दोघांचाही श्वास ऐकू येत होता.

"तुम्ही दोघं जरा लांब जाऊन श्वास घ्या," मी म्हटलं आणि वीज सोडली.

स्क्रीनवर नाव उमटलं. त्रिकूट. त्याखाली फर्मवेअर, नवं. त्याखाली फोल्डर: रुचिराचं लग्न, कॅमेरा एक.

केयूर खाली बसला. स्टूल तिथे नव्हतं, पण त्याला ते बसल्यावर कळलं.

"म्हणजे कंट्रोलर जिवंत आहे," श्रुतिका म्हणाली.

"जिवंत आहे आणि काही विसरलेलाही नाही. आता त्याचीच साक्ष काढू."

कंट्रोलर स्वतःची प्रकृती स्वतःच नोंदवून ठेवतो. किती लिहिलं, किती वाचलं, आयुष्यात जास्तीत जास्त किती तापला. मी ती नोंद उघडली. सर्वाधिक तापमान: ५६ अंश. तो कधी तापलाच नव्हता. तुलनेसाठी हिमगिरीचं बघितलं. ६१.

"हिमगिरी जास्त तापतो?" केयूर जमिनीवरून म्हणाला.

"तापतो. कोणी व्हिडिओ केलेला नाही, एवढंच."

मग मी त्याखालची ओळ वाचली, जी सहसा कोणी वाचत नाही. आयुष्यातलं सर्वांत कमी तापमान. हिमगिरीचं २३, एसीच्या खोलीत राहणाऱ्याला शोभेल असं. त्रिकूटचं ८.

मी दुसरा बोर्ड दुरुस्त केला. ८. तिसरा. ९.

"आठ अंश?" श्रुतिका म्हणाली. "ऑक्टोबरात? इथे माझा पंखा घामाने भिजतो."

"महाबळेश्वर," केयूर म्हणाला.

"ड्राइव्ह सुट्टीवर गेले होते का, येड्या?"

"मुंबईत आठ अंशांची एक जागा प्रत्येक घरात असते," मी म्हटलं.

श्रुतिकाने जाळीच्या कव्हराचा एक भाग उचलून नाकाशी नेला. मग तो खाली ठेवला आणि डोळे मिटले. "बांगडे," ती म्हणाली.

केयूर उभा राहिला. "ऐक. आपण काही बोलायचं नाही. डेटा मिळाला ना, झकास. मी सांगतो माझी चूक होती, दुरुस्त करून आणलं. सासऱ्यांना गुन्हेगार ठरवून साखरपुडा करतात का कोणी?"

"आणि तू जन्मभर खराब माल देणारा जावई म्हणून मिरवणार?" श्रुतिका म्हणाली. "प्रत्येक दिवाळीला राजेश तो व्हिडिओ लावेल. गंधाली, तू उद्या घरी ये. सगळ्यांसमोर सांग. याला मी बघते."

"मग माझं एक काम कर," मी म्हटलं. "उद्या सकाळी एक रिकामा, कोरडा पेला फ्रीजमध्ये ठेव. कोणाला सांगू नकोस."

५

दुसऱ्या दिवशी सगळे परबांच्या बाहेरच्या खोलीत बसले होते. काका आरामखुर्चीत, काकू दारात, राजेश सोफ्याच्या टोकाला कडं फिरवत, केयूर दाराजवळच्या स्टुलावर, पळता यावं अशा बेताने. श्रुतिका आत गेली, स्टीलचा पेला घेऊन आली आणि टीपॉयवर ठेवला.

"पाणी नाही घातलंस?" काकूंनी विचारलं.

"नकोय," मी म्हटलं. "काका, रुचिराच्या लग्नाचं सगळं शूटिंग परत मिळालं."

काकांनी खिशातलं भिंग काढून पुसलं आणि परत ठेवलं. एवढंच केलं, पण ते करायला त्यांना वेळ लागला.

"आता मेले कसे ते. पाणी कोणी सांडलं नाही, तरी आत पाणी होतं. हिमगिरी त्याच हबला होता, तो वाचला. त्याचं कव्हर बंद, यांची जाळीची. आणि हे तिघे आठ-नऊ अंशांपर्यंत गार झाले होते, हे त्यांच्या स्वतःच्या नोंदीत आहे. राजेश, पेल्याकडे बघ."

सगळ्यांनी बघितलं. पेला बाहेरून ओला झाला होता. एक थेंब खाली आला, मग दुसरा. टीपॉयच्या काचेवर गोल तयार झालं. आत बोट घालून राजेशने पाहिलं. आतही दव होतं.

"पाणी सांडलं कोणी?" मी विचारलं.

"कोणी नाय," राजेश म्हणाला. "हवेतलंच आलं."

"ड्राइव्हवर तसंच आलं. बाहेरचं पाणी काकूंनी पुसलं. जाळीतून आत जे जमलं होतं ते राहिलं, आणि त्याच्यावर श्रुतिकाने वीज सोडली."

पेल्यावरून तिसरा थेंब उतरला.

"मी ठेवलंय," नंदूकाका म्हणाले. "फ्रीजात मीच ठेवलंय."

"बाबा, का पण?"

"ह्यो म्हणालो तापतत आणि विसरतत. मग काय करू? चाळीस वर्षां मी रोल फ्रीजात ठेवलंय, एक खराब नाय झालो." ते केयूरकडे न बघता बोलत होते. "ह्या पोराक काय सांगतलंय? तुज्या वस्तूर माजो भरवसो नाय म्हणान? साखरपुड्याच्या आधी? म्हटलंय, गुपचूप जपूया. त्येका वायट वाटूक नको."

केयूर स्टुलावरून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

"पण मी खुळो नाय," काका एकदम सावरून बसले. "रोल काय, ड्राइव्ह काय, उघडो कोण ठेवता? निळ्या झाकणाचो हवाबंद डबो. आत ओल शोषणारी पुडी. बाहेर काढताना डब्यासकट काढूचो, डबो खोलीइतको ऊन होईसर झाकण उघडूचा नाय. इतके महिने तसाच केलंय. काय झाला? काय नाय."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "तशा पद्धतीने काहीच झालं नसतं. दव डब्यावर बसलं असतं, ड्राइव्हवर नाही. म्हणून माझा प्रश्न एवढाच आहे, की डबा कुठे गेला?"

काकांनी प्रथमच काकूंकडे बघितलं. मग सगळ्यांनीच.

"माझ्याकडे काय बघता," रुक्मिणीकाकू म्हणाल्या. "घट्ट झाकणाचा डबा घरात एकच. गणपतीत चेंबूरला मोदकांचं सारण पाठवायचं होतं. दुसऱ्यातनं तूप गळतं. मग रोल पिशवीत बांधले आणि ती तीन डबडी अंड्यांच्या खाचांत उभी केली. व्यवस्थित बसत होती."

"अंड्यांच्या खाचांत," केयूर हळूच म्हणाला.

"सारण गणपतीतलं," काका म्हणाले. "डबो अजून चेंबूराक कित्याक?"

"कारण तो तुमच्या बहिणीकडे आहे. मी फोन करून मागू? उद्या ती म्हणेल, वहिनी डब्यासाठी फोन करते. आणि तुम्हाला मी सांगितलं असतं तर तुम्ही केला असतात फोन, मग तर विचारायलाच नको."

श्रुतिकाने सरळ मोबाइल काढून आत्याला लावला आणि स्पीकर चालू केला. चेंबूरची माणिकआत्या पहिल्याच रिंगला बोलली.

"गो श्रुतिका, साखरपुड्याचा काय झाला? नंदू पुढे ढकलता म्हणे."

"आत्या, आमचा निळ्या झाकणाचा डबा आहे ना तुझ्याकडे?"

आत्याचा आवाज एकदम थंड झाला. "आसा. वहिनीन विचारूक सांगलान?"

काकूंनी कपाळावर हात मारला.

"नाही गं, मीच विचारते. अजून पाठवला नाहीस म्हणून."

"रिकामो पाठवू?" आत्याचा आवाज चढला. "माहेरचो डबो मी रिकामो धाडू? गावाक कुळथाचा पीठ दळूक दिलंला, ता अजून येवक नाय. आज येतला, उद्या येतला म्हणान थांबलंय. रविवारी भरून घेऊन येतंय. तुमच्या साखरपुड्याक येऊचा काय नको, ता आधी सांगा."

नंदूकाकांनी फोन हातात घेतला. "माणिक, ये. रविवारीच आसा. पुढे-बिढे काय नाय."

फोन बंद झाल्यावर ते केयूरसमोर जाऊन उभे राहिले. केयूर पूर्ण उठला.

"तुजी वस्तू चांगली होती," काका म्हणाले. "माका पारखता येवक नाय."

"काका, मलाही विचारायला पाहिजे होतं, तुम्ही ते ठेवता कुठे."

"इचारला असतंस तरी मी खोटाच सांगलंला असतंय."

राजेश घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, मग तो व्हिडिओ..."

"तो पहिल्या खेपेबद्दल बरोबर आहे," मी म्हटलं. "या तिघांबद्दल नाही."

"म्हणजे डिलीट करू?"

"तारीख बघून पाठवत जा, म्हणजे झालं."

काकूंनी पेला उचलला, काचेवरचं पाणी त्याच नॅपकिनने पुसलं आणि विचारलं, जेवायला किती जण आहेत. बांगडे होते.

६

साखरपुडा रविवारी मुलुंडलाच झाला. राजेशने तिन्ही कॅमेऱ्यांचं चित्रीकरण त्याच तीन त्रिकूटवर घेतलं. ड्राइव्ह दिवसभर काकांच्या नजरेसमोर टेबलावर उघडे होते. माणिकआत्या डबा भरून घेऊन आली. सोमवारी मी तिन्ही ड्राइव्हची त्या दिवसापुरती नोंद वाचली.

सर्वाधिक तापमान ५३ अंश. सर्वांत कमी २९. वाचता न आलेला डेटा शून्य.